ताटात दक्षिण, भिंतीवर उत्तर

हॉटेलांवर लिहिणारे बहुतेक समीक्षक ताटाकडे पाहतात, भिंतीकडे पाहत नाहीत. मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने तर हा नियमच करून टाकला आहे. तिचे तारे मिळतात ते फक्त पानात वाढलेल्या पदार्थांना. जागा किती सुखाची, किती देखणी, यासाठी तिच्याकडे काटा-चमच्याचे वेगळे चिन्ह असते. हाँगकाँग-मकावसाठीची तिची पहिली आवृत्ती २००९ची. तिच्यात ‘लुंग किंग हीन’ या कॅन्टनी भोजनगृहाला तीन तारे मिळाले. एखाद्या चिनी भोजनगृहाला इतका मान मिळाल्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर कॅन्टनी स्वयंपाकावर जगभर लिहिले गेले. वाफवलेल्या माशाला किती मिनिटे द्यावीत, यावर पानेच्या पाने आहेत. तो मासा ज्या दालनात खाल्ला जातो त्या दालनाबद्दल मात्र एक ठरलेले वाक्य असते : ‘अभिजात चिनी पद्धतीची सुंदर सजावट’.

या लेखाचा विषय हे वाक्य आहे. यातील ‘अभिजात’ म्हणजे कोणत्या काळचे? आणि ‘चिनी’ म्हणजे कुठले? कॅन्टनी जेवणाच्या बाबतीत हे प्रश्न विचारले नाहीत, तर ताटातलेही अर्धेच कळते, असे माझे मत आहे. माझे शिक्षण ना वास्तुकलेचे, ना चिनी भाषेचे. विमा कार्यालयातली नोकरी सांभाळून, जुन्या घरांच्या लाकूडकामावर वाचत आणि हिंडत जे जमले, त्यावर हे लिहीत आहे.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये मी ग्वांगझूला गेलो. हेच आपल्या जुन्या पुस्तकांतले कॅन्टन. १९५७पासून तिथे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठा व्यापारी मेळा भरतो. माझा भाचा कापडाच्या व्यापारात आहे आणि त्या मेळ्याला नेमाने जातो. त्याच्याबरोबर जाण्याचा योग आला. एका संध्याकाळी त्याच्या तिथल्या व्यापाऱ्याने आम्हाला जेवायला नेले. त्या भोजनगृहाचे नाव देत नाही, कारण तसली डझनावारी आहेत आणि माझे म्हणणे त्या एकाविषयी नाही.

लिफ्टमधून उतरताच दोन दगडी सिंह. पुढे लाल खांब, त्यांवर सोनेरी ड्रॅगन. छताला निळ्या-हिरव्या रंगात रंगवलेल्या तुळया, बीजिंगच्या राजवाड्याच्या छायाचित्रांत दिसतात तशा. भिंतीत पूर्ण वर्तुळाचे चंद्रद्वार, पण त्यापलीकडे बाग नव्हती, कपडे टांगायची खोली होती. वाढणाऱ्या मुलींच्या अंगात उंच गळ्याचे, अंगासरशी बसणारे चिपाव. हा पोशाख आज दिसतो त्या रूपात १९२०च्या दशकात शांघायमध्ये घडला. आमच्या खासगी दालनात यजमानाची खुर्ची दाराकडे तोंड करून होती, आणि तिच्या पाठीवर पुन्हा ड्रॅगन. मी वळून वळून पाहत होतो. भाचा शेवटी म्हणाला, ‘‘मामा, जेवा ना, भिंती काय बघताय?’’

जेवण मात्र उत्तम होते. आधी तासन्‌तास मंद आचेवर ठेवलेले निवळ सूप आले. त्यात काय काय शिजले होते ते वासावरून ओळखायचे, दिसत काहीच नव्हते. मग कोळंबीच्या वाफवलेल्या पुऱ्या, हार गाव. त्यांची पारी इतकी पातळ की आतला गुलाबी रंग दिसतो, आणि तिला घातलेल्या चुण्या पाहून कोणत्याही मराठी माणसाला उकडीच्या मोदकाच्या कळ्याच आठवतील. मग अख्खा मासा. वर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या काड्या, थोडा सोया सॉस, आणि आणता आणता वरून ओतलेले कडकडीत तेल. बस. मसाला नाही, तिखट नाही. काट्याजवळचे मांस जेमतेम सुटेल इतकाच शिजलेला. एक मिनिट जास्त झाले असते तर तो मासा वाया गेला असता. हा स्वयंपाक ‘काय घातले’ याचा नसतो, ‘काय घातले नाही’ याचा असतो. मासा ताजा नसेल तर लपायला जागाच नाही.

आणि त्याच्या चारी बाजूंना लपवण्याचाच सगळा कारभार! खांब सिमेंटचे, त्यांवर लाकडाचा भास. ड्रॅगन साच्यातले. तुळया काहीही न पेलणाऱ्या. जीभ ज्या गोष्टीची परीक्षा घेत होती, ती डोळ्यांना क्षणोक्षणी नाकारली जात होती. मला खटकले ते हे.

मात्र इथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. साधे जेवण, म्हणून साधी खोली, असे समीकरण कॅन्टनला लागू पडत नाही. त्या शहरात १८९४मध्ये पुरे झालेले चेन कुळाचे सभागृह आहे. लाकूड, दगड, वीट, चुना आणि भाजलेली माती यांत तिथे जेवढे कोरीव काम आहे, तेवढे मी एका जागी क्वचितच पाहिले. छपराच्या कण्यावर मातीच्या माणसांची गर्दी, दारांवर लाकडी नाटकांचे प्रवेश. दक्षिणेच्या या प्रदेशाला अलंकाराचे वावडे मुळीच नाही. प्रश्न अलंकार कमी की जास्त हा नाही. तो कोणाचा, हा आहे. त्या भोजनगृहातला एकही अलंकार कॅन्टनचा नव्हता. लाल खांब आणि रंगीत तुळया उत्तरेच्या, राजधानीच्या, बादशहाच्या. ताटात दक्षिण आणि भिंतीवर उत्तर.

हे कसे झाले? याची मोठी आणि दुःखद कथा हाँगकाँगच्या ॲबरडीन बंदरात सापडते. तिथे होड्यांवरच जन्मणारा आणि होड्यांवरच मरणारा कोळी समाज होता. त्यांच्या लग्नांच्या जेवणावळी आणि गाणी सजवलेल्या खास नावांवर होत. त्या नावांमधून पुढे तरंगती भोजनगृहे निघाली. त्यांतले सर्वांत भव्य ‘जम्बो’. ते बांधले जात असतानाच १९७१मध्ये आग लागून ३४ माणसे मेली. १९७६मध्ये ते सुरू झाले तेव्हा पाण्यावर बीजिंगचा राजवाडाच उभा होता : मजल्यावर मजले, वळलेल्या पागोळ्या, आत ड्रॅगनचे सिंहासन, ज्यावर बसून पाहुणे फोटो काढून घेत. कोळ्यांच्या लग्नाच्या होडीचे बादशहाच्या महालात रूपांतर झाले, आणि कोळी त्या चित्रातून नाहीसे झाले. इंग्लंडच्या राणीपासून चित्रपटातल्या नटांपर्यंत सगळे तिथे जेवून गेले. परदेशी पाहुण्याला ‘चीन’ म्हणून जे ओळखता येते ते त्याला दाखवायचे, हा त्यामागचा हिशेब होता. त्या हिशेबात कॅन्टन बसत नव्हते, कारण कॅन्टन कसे दिसते हे पाहुण्याला ठाऊकच नव्हते. आपल्या मुंबईतल्या चिनी हॉटेलांचे लाल कंदील आणि ड्रॅगन हे याच हिशेबाचे धाकटे भाऊ. २०२०मध्ये महामारीत ‘जम्बो’ बंद पडले. जून २०२२मध्ये ते ओढून नेत असताना दक्षिण चिनी समुद्रात कलंडले.

म्हणून ‘कॅन्टन कसे दिसते’ याकडे आता वळतो. जुन्या तटाच्या पश्चिमेला शीग्वान नावाचा भाग होता, व्यापाऱ्यांच्या वाड्यांचा. त्या वाड्यांचे दार तीन पदरी असे. बाहेर कमरेच्या वर येणारी अर्धी झडप. मग जाड गोल दांड्यांचे, शिडी आडवी धरल्यासारखे, बाजूला सरकणारे दार. आणि आत भक्कम लाकडी दरवाजा. उकाड्याच्या दिवसांत आतला दरवाजा उघडा आणि दांड्यांचे दार बंद ठेवायचे. वारा आत येतो, चोर येत नाही, आणि गल्लीत काय चालले आहे तेही घरबसल्या दिसते. हवामानातून आणि शेजारपणातून जन्मलेली ही वस्तू आहे. राजवाड्यात तिचा काही उपयोग नाही.

आत गेल्यावर डोळे जातात ते खिडक्यांकडे. चौकोनी लाकडी चौकटी, त्यांत नक्षीदार जाळी, आणि जाळीत निळी, तांबडी, हिरवी, पिवळी काच. काही काचांवर आम्लाने कोरलेली फुले, पक्षी, अक्षरे. नाव ‘मांचू खिडकी’. आणि काच? ती मूळची युरोपातली, एकोणिसाव्या शतकात जहाजांतून आलेली. नाव उत्तरेच्या राज्यकर्त्यांचे, काच पश्चिमेची, जाळीतले सुतारकाम आणि काचेवरचे कोरीव काम कॅन्टनी कारागिराचे. आज तिला पाहून कोणीही ‘अस्सल चिनी’ म्हणेल, आणि ते खोटे नाही. फक्त हे अस्सलपण बंदरातले आहे.

लाकडाचीही गंमत आहे. कॅन्टनी सुतारांचे काळसर, जड फर्निचर, शिंपले आणि संगमरवर बसवलेले, हे उंची भोजनगृहांचे मोठे भूषण. चीनमध्ये मौल्यवान लाकडांची अधिकृत यादी आहे. तिच्यात सर्वांत वरचे मानले जाणारे झितान म्हणजे आपले रक्तचंदन. ते नैसर्गिकपणे वाढते ते पूर्व घाटात, मुख्यतः आंध्रच्या शेषाचलम डोंगरांत, आणि १९९५पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. तस्करी तरीही थांबलेली नाही, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. त्याच यादीत शिसवही आहे, सह्याद्रीत उगवते तीच जात. मी ज्या खुर्चीवर बसलो ती कशाची होती हे सांगायला कोणी नव्हते. पण तिच्या जातीच्या एखाद्या खुर्चीचे लाकूड माझ्या घरापासून फार लांब वाढलेले नसेल, हा विचार सूप पिताना मनात येऊन गेला.

मधली फिरती चकतीही अशीच. गोल टेबल, त्यावर काचेची फिरणारी थाळी. तिच्याशिवाय चिनी मेजवानीचे चित्र पुरे होत नाही. १९१५मध्ये ‘आरोग्यदायी जेवणाची थाळी’ म्हणून तिचा पुरस्कार केला तो डॉ. वू लियेन-तेह यांनी. पेनांगमध्ये कॅन्टनी मुळाच्या घरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले, मांचुरियातली फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आटोक्यात आणणारे हे डॉक्टर. सगळ्यांच्या काड्या एकाच भांड्यात बुडू नयेत, वाढायचे चमचे वेगळे असावेत, ही त्यांची तळमळ. म्हणजे ज्या वस्तूला आपण प्राचीन आतिथ्याचे चिन्ह समजतो, तिच्या प्रसारामागे साथीच्या रोगांची भीती होती.

वाड्यांचा हा थाट कोणत्या पैशातून आला, हे विचारले की धागा मुंबईला येऊन पोचतो. १७५७पासून पहिल्या अफूच्या युद्धानंतरच्या १८४२च्या तहापर्यंत पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये हेच एक बंदर मोकळे होते. मुंबईहून तिथे कापूस जाई आणि माळव्याची अफू जाई. जमशेटजी जीजीभाई तरुणपणी पाच वेळा चीनच्या सफरीवर गेले आणि त्याच व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली. १८५७मध्ये सुरू झालेल्या आपल्या जे. जे. कलाशाळेमागे त्यांनी दिलेले एक लाख रुपये आहेत. त्या देवघेवीच्या पलीकडच्या टोकाला कॅन्टनचे व्यापारी होते. त्यांतल्या एका घराण्यातल्या पान शिचेंग यांनी शीग्वानच्या पाणथळ भागात ‘हायशान शियानग्वान’ नावाची प्रसिद्ध बाग उभारली. पुढे त्यांचे दिवाळे निघाले, सरकारने बाग जप्त केली, आणि तिचे तुकडे तुकडे झाले. मराठी कलेच्या इतिहासात जे. जे.च्या पायऱ्या आल्या, पण त्या पायऱ्या ज्या पैशाने बांधल्या तो जिथे मिळाला, त्या शहराच्या खिडक्या आल्या नाहीत.

त्या मोडलेल्या बागेच्याच परिसरात, ली वानच्या तळ्याकाठी, ‘पानशी’ भोजनगृह आहे. माझ्या या सगळ्या खटाटोपाचे केंद्र तेच. १९४७मध्ये ते एक साधे, झोपडीवजा खानावळीसारखे दुकान होते. भोवती तळी, आणि तळ्यांत पाच गोष्टी पिकत : कमळकाकडी, शिंगाडे, पाण-चेस्टनटचे कंद, आणखी एक कंद आणि एका पाणगवताचे कोवळे कोंब. लोक या पाचांना ‘पाच सुंदऱ्यां’सारखे लाडाने एकत्र मोजत. त्यांतल्या पाण-चेस्टनटच्या पिठाची वडी अजूनही तिथली ओळख आहे. पुढे इथल्याच लुओ कुन या बल्लवाचार्यांनी वाफवलेल्या पुऱ्यांना प्राण्यांचे आकार दिले. हिरव्या भाजीवर बसलेले त्यांचे पांढरे ससे जुनी मंडळी अजून सांगतात.

१९५०च्या दशकात सरकारी ताब्यात आल्यावर शहराच्या मोठ्या भोजनगृहांची नवी बांधणी ठरली. वास्तुकार होते मो बोझी. आधी बेइयुआन, मग १९६०मध्ये पानशी, मग नानयुआन. या मो महाशयांनी गुआंगडोंगच्या जुन्या बागा हिंडून मोजल्या, अभ्यासल्या. त्या काळात शीग्वानचे वाडे पाडले जात होते, आणि त्यांची दारे, पडदे, कोरीव झालरी, रंगीत काचा भंगाराच्या भावाने निघत होत्या. मो यांनी त्या गोळा केल्या. एका वाड्याचा पडदा, दुसऱ्याची खिडकी, तिसऱ्याची कमान घेऊन त्यांच्या मापाने नवी इमारत रचली. खर्च कमी आला, आणि काम असे झाले की नव्याने ते करून घेणे कोणालाच परवडले नसते.

पानशीत मी दोन सकाळी गेलो. कॅन्टनी माणसाची सकाळ चहाने सुरू होते, आणि ‘चहा पिणे’ याचा अर्थ दोन तास बसणे. आधी गरम चहाने वाट्या-काड्या विसळायच्या. कोणी चहा ओतला की बोटांच्या पेरांनी टेबलावर हलके वाजवून आभार मानायचे. किटलीत पाणी हवे असेल तर झाकण तिरके ठेवायचे, हाक मारायची नाही. म्हातारी माणसे वर्तमानपत्र घेऊन बसलेली. तळ्यावरून येणारा उजेड त्या निळ्या-तांबड्या काचांतून टेबलक्लॉथवर पडत होता आणि चहा ओतणाऱ्या हाताबरोबर हलत होता. खोल्या सरळ येत नाहीत. वाकडी ओसरी, मग पाणी, मग पूल, मग पुन्हा खोली. इथे मला तो कॅन्टनी मासा कळला, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण म्हणतो. ज्या वस्तूला पारखून घेतले आहे तिला फार हात न लावता समोर ठेवणे, हीच मो यांची रीत आणि हीच त्या स्वयंपाकाची.

मात्र पानशीची आरती ओवाळून मला थांबता येत नाही. ते पुरे झाले ते वर्ष १९६०. ‘मोठ्या झेपे’च्या धोरणानंतर चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात जो दुष्काळ पडला, त्यात कोट्यवधी माणसे मेली. मरणारी बहुतेक खेड्यांतली होती. त्याच सुमारास कॅन्टनमध्ये तळ्याकाठी, कोरीव पडद्यांआड, बड्या पाहुण्यांसाठी आणि मेळ्याला येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांसाठी पंक्ती बसू शकत होत्या, कारण देशाला परकीय चलन हवे होते. वास्तुकलेवरच्या लेखांत पानशीची स्तुती भरपूर सापडते. ही दोन वर्षे एका वाक्यात आणलेली मी क्वचितच वाचली. सुतारकामाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही, आणि हे आठवताना सुतारकाम खोटेही ठरत नाही. दोन्ही एकाच टेबलावर ठेवावे लागते.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. पाडलेल्या वाड्याचे दार भोजनगृहात लावणे म्हणजे ते वाचवणे, की त्याच्या मालकाच्या विनाशावर जेवणे? आपल्याकडे पुण्या-नाशकातले वाडे पडले तेव्हा त्यांचे खांब आणि गणेशपट्ट्या जुन्या बाजारात गेल्या, आणि तिथून फार्महाऊसांत आणि हॉटेलांत. तिथे एखाद्या कोनाड्यात उभा असलेला सुरूचा खांब पाहून मला कधीच आनंद झालेला नाही. मग पानशीत का झाला? याचे उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो. हॉटेलातला आपला खांब काही उचलत नाही. तो शोभेला असतो. पानशीतला पडदा अजून खोली अडवतो, खिडकी अजून वारा आणि उजेड घेते, झालर अजून ओसरीला ओसरी करते. वस्तूचे घर गेले, पण काम गेले नाही. शिवाय ज्या शहरातून ती निघाली, त्याच शहराची माणसे रोज सकाळी तिच्याखाली बसतात. नव्या उंची भोजनगृहांत खटकते ते यापैकी एकही नसणे.

‘उंची’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच मो बोझी यांनी शे जुन्नान यांच्याबरोबर ‘व्हाइट स्वान’ हे मोठे हॉटेल केले. ते १९८३मध्ये शामियान बेटावर उघडले. हे बेट एकेकाळी इंग्रज-फ्रेंचांची वसाहत होते. आत मधोमध खडक, धबधबा आणि वर एक लहानसा मंडप, या सगळ्या देखाव्याचे नाव ‘गावचे पाणी’. त्या काळी चीनमधल्या अशा हॉटेलांत सामान्य चिनी नागरिकाला शिरता येत नसे. हाँगकाँगचे उद्योजक हेन्री फॉक यांनी आग्रह धरला की दारे सर्वांना उघडी राहतील. लोक झुंडीने आले, आत फिरले. अभिजात बागेचा तुकडा परदेशी पाहुण्यांसाठी बांधला होता. तो पाहिला मात्र शहराने.

हाँगकाँगमध्ये ‘लुक यू’ चहागृह आहे. १९३३चे, आणि १९७६मध्ये नव्या जागी गेले तेव्हा जुने फर्निचर बरोबर घेऊन गेलेले. लाकडी बाकडी, छताचे पंखे, रंगीत काचा, भिंतीवर चित्रे. स्वस्त मुळीच नाही. पण राजवाडा होण्याची त्याला हौस नाही, आणि त्याच्या मेजावर बसलेला माणूस आपण कोणत्या शहरात आहोत याबद्दल गोंधळत नाही.

गेल्या काही वर्षांत नवी लाट आली आहे. मोठमोठ्या मॉलांतली कॅन्टनी भोजनगृहे आता ड्रॅगन काढून ‘शीग्वान’ थाट करू लागली आहेत. आडव्या दांड्यांचे दार, रंगीत काचा, हिरवट फरशी. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते दार सरकत नाही, भिंतीला चिकटवलेले असते. काचेमागे खिडकी नसते, दिवा असतो. बादशहाची नक्कल गेली आणि व्यापाऱ्याची आली, एवढेच. तरी दोन्हींत फरक आहे हे मान्य करतो. निदान नक्कल आता घरच्याची आहे. त्या दारापुढे फोटो काढणारी पोर एखादे दिवशी आजीला विचारेल की हे कशासाठी होते, एवढी शक्यता तरी तिच्यात आहे.

हे आजीला कोणत्या भाषेत विचारले जाईल, याचाही प्रश्न तिथे आहे. २०१०मध्ये आशियाई स्पर्धांच्या आधी ग्वांगझूच्या दूरदर्शन वाहिनीने मँडरिन कार्यक्रम वाढवावेत, अशी सूचना शहराच्या सल्लागार समितीने केली होती. जुलैमध्ये लोक रस्त्यावर उतरले, कॅन्टनीसाठी. एरवी ज्या शहरात व्यापार सोडून कशासाठी गर्दी जमत नाही असे म्हणतात, तिथे. आज शाळांत आणि कचेऱ्यांत मँडरिनच चालते. त्या भोजनगृहातल्या वाढणाऱ्या मुली बहुतेक दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या होत्या आणि आमच्या यजमानाशी मँडरिनमध्ये बोलत होत्या. यात त्यांचा काय दोष? पोटासाठी माणूस जिथे जाईल तिथली भाषा मिळेल ती बोलतो. पण पदार्थांची नावे काढून पाहा. जगाने शब्द घेतला तो ‘डिम सम’, कॅन्टनी उच्चाराचा. मँडरिनमध्ये त्याला ‘दियेनशिन’ म्हणतात. आपला ‘चहा’ही इकडचाच : पोर्तुगीजांनी मकावमध्ये ऐकलेला ‘छा’ त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागला. मी या लेखात ‘ग्वांगझू’ आणि ‘पानशी’ लिहिले, तेही राजधानीच्या उच्चाराने. तिथला म्हातारा आपल्या शहराला ‘क्वोंगचाऊ’ म्हणतो, आणि त्या तळ्याकाठच्या जागेला ‘पुनखाय’.

उंची कॅन्टनी भोजनगृहांच्या समीक्षेने म्हणून एक काम अंगावर घ्यावे. यादीत आता माशाखाली लिहिलेले असते की तो कोणत्या समुद्रातला, कोंबडी कोणत्या गावची, चहा कोणत्या डोंगराचा आणि कोणत्या वर्षीचा. खाणारा ते वाचतो आणि त्याचे पैसे देतो. दाराखाली काहीच लिहिलेले नसते. ते कोणत्या गल्लीतून आले, की कोणत्या कारखान्यातून. लाकूड शेषाचलमचे, की नुसता रंग. काच जुनी, की मागच्या वर्षीची. समीक्षकाने वाढपाला हे विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर व्यवस्थापकाला विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत माशाकडे वळू नये. मासा थंड होईल, ते खरे.